ए टू झेडमध्ये न बसलेलं ॲप

श्रावण संपता संपता मी तुम्हा नातवंडांना फोनवर सांगितलं होतं की आपला टीव्ही बिघडला होता. तो बिघडला नव्हता. तुमच्या बाबाने माझ्यावर विश्वास ठेवून तिकडूनच कंपनीकडे तक्रार करायला घेतली आहे आणि दर दोन दिवसांनी मला विचारतो, आई, नेमका बिघाड काय होता ते नीट लिहून पाठव. इतकी वर्षं शाळेत मुलींना नीट लिहायला शिकवलं, पण हे चार ओळींत लिहून पाठवायला मला जमलेलं नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे. जे केलं ते तुमचे चेहरे मोठ्या पडद्यावर दिसावेत म्हणून केलं, पण त्यात तुमचा काही दोष नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मराठीत अशासाठी लिहिते आहे की हे मला मोठ्या आजीला वाचून दाखवायचं आहे.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. दोघींचेही यजमान आता नाहीत, आणि लातूरच्या या घरात आम्ही दोघीच असतो. तुम्ही त्यांना ओळखता ते त्यांच्या धपाट्यांमुळे. त्यांचं माहेर उदगीरच्या पुढे, कर्नाटकात, हे मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. मी नांदेडची, वडील कॉलेजात शिकवायचे, मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात माझ्या शिक्षणाचं कौतुक होतं आणि अक्का शिकलेल्या नाहीत असं सगळे म्हणत. मीही तेच धरून चालले. त्या कानडी शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या. पण आमच्या घरी कानडी कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते शिक्षण कुणी शिक्षण म्हणून मोजलंच नाही.

माझं बी. एड. चाललं होतं तेव्हा दोघींच्या वाटणीचा स्वयंपाक त्या एकट्या करायच्या. कॉलेजातून यायला उशीर झाला आणि सासूबाई दारात उभ्या असल्या की अक्का आतून म्हणायच्या, मीच तिला बाजारातून सामान आणायला सांगितलं होतं. माझ्या हातात सामान नसायचं, पुस्तकं असायची. सासूबाईंना ते दिसत असणारच. पण थोरल्या सुनेचा शब्द त्यांनी कधी खोडला नाही. पुढे मी शाळेत लागले, मुख्याध्यापिका झाले, आणि तुमच्या बाबाला वाढवलं ते बरंचसं अक्कांनी. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

आता टीव्हीचं.

तुमच्या बाबाने मागच्या खेपेला औसा रोडवरच्या दुकानातून तो मोठा टीव्ही घेऊन दिला. त्यात ॲप म्हणून जे काही असतं ते पडद्यावर चौकोनांच्या रांगेत दिसतं. रिमोटने उजवीकडे-डावीकडे जायचं आणि हवं ते उघडायचं. मी एक वही केली. कोणतं ॲप कशाचं, कुणी टाकलं, काय दाबलं की काय होतं, सगळं लाल रेघ मारून लिहिलं. अक्कांनी वही केली नाही. त्यांचा भाचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, एकदा येऊन त्यांच्यासाठी एक ॲप टाकून गेला होता. भगव्या रंगाचा चौकोन, त्यावर कानडी अक्षरं. अक्का टीव्ही लावायच्या, रिमोटचं उजवं बटण चार वेळा दाबायच्या आणि मधलं एकदा. दर सोमवारी सकाळी अंघोळ, पूजा आटोपून, कपाळावर भस्माची बोटं तशीच ओली असताना त्या खुर्चीत बसत. तिकडच्या एका मठात सोमवारी कानडी संतांची वचनं गातात आणि मग मंगळारती होते, ते त्यात थेट दिसायचं. मी त्या वेळी पेपर वाचत असे.

एकदा त्या म्हणाल्या होत्या, “तंगी दिसती गं ह्याच्यात.” तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मी पेपरातून मान वर न करता “हो का” म्हटलं. मला हे आठवतं, कारण त्यानंतर त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या होत्या आणि मला वाटलं होतं, आवाज कमी करू का असं विचारतायत.

आषाढ संपत आला तेव्हा तुमच्या बाबाने सांगितलं की टीव्हीला छोटा कॅमेरा जोडला आणि अमुक एक ॲप टाकलं की तुम्ही सगळे मोठे दिसाल. कॅमेरा त्याने पाठवलाच होता. मी चष्मा लावून, वही उघडून बसले. ॲप टाकायला गेले तर टीव्ही म्हणाला, जागा शिल्लक नाही, काहीतरी काढून टाका.

मला खरं म्हणजे आनंदच झाला. आवराआवर म्हटली की मला हुरूप येतो, तुम्ही माझं कपाट पाहिलंच आहे. मी ठरवलं की जागा करायचीच आहे तर सगळी रांगच नीट लावू. चौकोनावर बटण दाबून धरलं की तो हलवता येतो. शाळेच्या ग्रंथालयात लावत असू तशी मी ॲपं ए पासून झेडपर्यंत लावली. वहीत नवी यादी केली. एक ॲप मात्र कुठेच बसेना, कारण त्याचं नाव मला वाचता येत नव्हतं. ए मध्ये घालू की के मध्ये, कळेना. मी ते रांगेच्या शेवटी ठेवून पाहिलं. झेडच्या पुढे ते विचित्र दिसत होतं.

मग मी ते काढून टाकलं.

टीव्हीने विचारलं होतं, नक्की काढायचं का. मी हो म्हटलं. अक्का मागे नळाजवळ होत्या. त्या दिवशी आठ दिवसांनी पाणी आलं होतं आणि त्या नळी धरून टाकी भरत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. त्याच रांगेत एक योगासनांचं ॲप होतं आणि एक इंग्रजीतून विलायती स्वयंपाक शिकवणारं. दोन्ही मी एकदाही उघडलेली नव्हती. ती ठेवली. त्यांची नावं मला वाचता येत होती.

संध्याकाळी तुम्ही दिसलात. धाकटीच्या समोरच्या दोन दातांमधली फट दिसली. अक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या, केवढी झाली पोरगी. मला वाटलं, आजचा दिवस सत्कारणी लागला.

पुढचा सोमवार श्रावणातला पहिला. आमच्याकडे त्या सोमवारांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सकाळीच माझ्या दोन जुन्या सहकारी शिक्षिका आल्या होत्या, आणि मी त्यांना टीव्हीची नवी रांग दाखवत होते. अक्का अंघोळ करून आल्या, खुर्चीत बसल्या, रिमोट घेतला, उजवीकडे चार वेळा दाबलं. त्या जागी भलतंच काही होतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “माझं ते भगवं कुठं गेलं गं?”

मी तेव्हा काय बोलले ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते.

“अक्का, आता सगळं ए पासून झेडपर्यंत ओळीने आहे. इतकी वर्षं इंग्रजीच्या बाईबरोबर राहिलात, सव्वीस अक्षरं तरी शिकून घ्यायची.”

पाहुण्या हसल्या. अक्काही हसल्या. म्हणाल्या, आता कुठं शिकू बाई, डोळे गेले. रिमोट त्यांनी टेबलावर माझ्या बाजूला ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. ते ॲप मी काढून टाकलं आहे, हे मी सांगितलंच नाही. विसरले होते असं म्हणायला मला आवडेल. पण विसरले नव्हते. दोन बाहेरच्या बायकांसमोर तो विषय नको वाटला, आणि त्या गेल्यावर, विचारतील तेव्हा सांगू असं म्हणून सोडून दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या सोमवारी त्या भस्म लावून त्याच खुर्चीत बसल्या. टीव्ही बंद होता. त्या वेळेपुरत्या बसल्या आणि उठल्या. तिसऱ्या सोमवारी तसंच. मी तुमच्या बाबाला कौतुकाने सांगितलंसुद्धा की अक्कांची टीव्हीची सवय सुटली, आता शांत बसून ध्यान करतात.

चौथ्या सोमवारी दुपारी माझ्या मोबाइलवर फोन आला. तंगीची सून बोलत होती. ती मराठी चांगलं बोलते. तिने आधी माझी चौकशी केली, मग आवाज खाली आणून म्हणाली, “मावशी, थोरल्या अक्का हायत ना? खरं सांगा. आमच्या सासूबाई दोन दिस जेवल्या न्हाईत.”

मला काही उमगेना. मग तिने जे सांगितलं ते मी उभ्याने ऐकलं.

तंगीला आता अजिबात ऐकू येत नाही. त्यामुळे दोघी बहिणींचं फोनवर बोलणं कधीच संपलेलं. अक्कांचे गुडघे आणि तिची कंबर, त्यामुळे जाणं-येणंही नाही. पण दर सोमवारी तंगी मठात खांबाला टेकून बसते, आणि ती जागा कॅमेऱ्यात येते. अक्का इथून तिला बघतात. शिवाय त्या ॲपमध्ये कोपऱ्यात एक झेंडूचं फूल असतं. मंगळारतीच्या वेळी ते दाबलं की मठातल्या भिंतीवरच्या पडद्यावर दाबणाऱ्याचं नाव आणि गाव येतं, देवाला फूल वाहिल्याप्रमाणे. ऐकू येत नसलं तरी तंगीला वाचता येतं. अक्कांचं नाव आणि लातूर ही अक्षरं उमटली की ती कॅमेऱ्याकडे वळून हात वर करते. दोघींची भेट ती एवढीच. श्रावणात ते नाव एकदाही आलं नाही. सुनेने तिला खुणेने सांगितलं की तिकडे नेट बंद असेल. तिला ते पटलं नाही. माझी अक्का गेली आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय, असं ती म्हणत होती.

अक्का माझ्या शेजारीच बसून शेंगा फोडत होत्या. फोनचा आवाज मोठा असतो, माझं ऐकणंही आता तेवढं चांगलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे हात थांबले होते.

खरं सांगण्याचा तो क्षण होता. सून माझ्याहून तीस वर्षांनी लहान, परकी, खेड्यातली. तिला मी सांगणार होते की मी, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, दुसऱ्याची वस्तू न विचारता टाकून दिली? माझ्या तोंडून निघालं, “अगं, टीव्ही बिघडला होता आमचा.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेंगांचे हात पदराला पुसले, माझ्याकडून फोन घेतला आणि म्हणाल्या, “हाव गं, टीव्हीच बिघडला हुता. मी ठणठणीत हाय, सांग तिला. जेव म्हणावं.”

पुढे त्या कानडीत बोलल्या. फोन मला परत देताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. बाजारातून सामान आणायला सांगितलं होतं, हे त्या याच आवाजात म्हणायच्या.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “अक्का, ते मी काढलं, हे मला सांगायचं होतं.”

“मी इचारलं हुतं की,” त्या म्हणाल्या. “तू कामात हुतीस.”

त्याच दुपारी मी ते ॲप परत टाकायला बसले. विलायती स्वयंपाक काढला, योगासनं काढली, जागा झाली. पण ॲप शोधायचं तर नाव हवं, आणि नाव मला ठाऊक नव्हतं. अक्कांनी सांगितलं ते मी इंग्रजीत लिहून पाहिलं, तर दहा भलतीच ॲपं आली. मी रिमोटने एकेक पुढे सरकवत गेले आणि अक्का खुर्ची पुढे ओढून पडद्यावरची अक्षरं वाचत गेल्या. हे न्हाई. हे न्हाई. हे बाजाराचं हाय. इतक्या वर्षांत मी त्यांना वाचताना पहिल्यांदा पाहिलं. ओठ हलत नव्हते, बोट लागत नव्हतं. झरझर वाचत होत्या. मराठी पेपर त्या कष्टाने अक्षर लावून वाचतात, त्यावरून मी कायम अंदाज बांधला होता.

ॲप सापडलं. मग त्याने भाच्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. त्यासाठी पुन्हा सुनेला फोन, पुन्हा तिचं “टीव्ही झाला का नीट मावशी?” आणि पुन्हा माझं “हो.” उघडल्यावर आत सगळंच कानडी. मी बटणं दाबत होते आणि अक्का सांगत होत्या, “खाली जा. अजून खाली. तिथं ‘जुनं’ लिवलंय, ते दाब.” मी चुकीच्या ठिकाणी दाबलं. तसं त्या हळूच म्हणाल्या, “बाई, हे तुझ्या एबीसीडीत न्हाई.”

हसावं की काय करावं, मला कळलं नाही. त्या मात्र हसल्या नव्हत्या. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं.

‘जुनं’ म्हणजे आधीच्या सोमवारांचं साठवलेलं. अक्का म्हणाल्या, श्रावणातलं लाव. मी म्हटलं, उद्या बघू, दमला असाल. त्या म्हणाल्या, लाव.

पहिला सोमवार. पांढऱ्या केसांची एक लहानखुरी बाई खांबाला टेकून बसलेली. अक्कांसारखंच कपाळ. मंगळारती सुरू झाली तसे सगळे हात जोडून समोर देवाकडे बघत होते, ती एकटी मान वळवून भिंतीकडे, पडद्याकडे बघत होती. नावं येत असावीत, कारण तिची नजर वरून खाली, वरून खाली जात होती. आरती संपली. लोक उठले. ती बसूनच. सुनेने येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा ती उठली.

दुसऱ्या सोमवारी ती पडद्याच्या जवळ सरकून बसली होती. खांब सोडून, त्यामुळे अर्धीच दिसत होती. त्या दिवशी दोघी जणींनी धरून उठवलं. तिसऱ्या सोमवारी आरती संपल्यावर ती पडद्यापाशी उभी राहिली आणि तिथल्या एका माणसाला काहीतरी विचारत होती. तो हाताने नाही नाही म्हणत होता. त्याच वेळी मी इथे तुमच्या बाबाला अक्कांच्या ध्यानाचं कौतुक सांगत होते. चौथ्या सोमवारी खांबाजवळची जागा रिकामी होती.

मी आवाज बंद करायला रिमोट शोधू लागले. तो माझ्याच हातात होता. अक्का पडद्याकडे बघत म्हणाल्या, “लहानपणी बी अशीच. वाट बघायला लागली की उठंनाच.” आणि काही वेळाने, “चल, शेंगा राहिल्यात.”

पुढच्या सोमवारी मी पेपर घेतला नाही. त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. तंगी खांबाजवळ होती, जरा वाळलेली. मंगळारती सुरू झाली, अक्कांनी फूल दाबलं, आणि आम्ही थांबलो. इथून तिथे पोचायला वेळ लागतो. मी आयुष्यात बऱ्याच निकालांची वाट पाहिली आहे, पण ते दहा-वीस सेकंद मला जड गेले. मग तंगीची नजर थांबली. तिने पडद्यावर पुन्हा एकदा नीट वाचलं आणि कॅमेऱ्याकडे वळून हात वर केला. लगेच खाली घेतला नाही, धरूनच ठेवला. अक्कांनीही इकडे हात वर केला होता. ती बघू शकत नव्हती, तरी.

मला वाटलं होतं की तिने हात वर केला की माझं मन हलकं होईल. तसं झालं नाही. त्या आठवड्यात शेजारच्या बाई आल्या, तुमच्या बाबाचा फोन आला, दूधवाल्यानेही काहीतरी विचारलं, आणि प्रत्येकाला अक्कांनी न विचारता सांगितलं की टीव्ही बिघडला होता. माझ्याआधी सांगत, म्हणजे मला सांगावं लागू नये. तुमच्याशी फोनवर बोलताना मात्र मी स्वतःच तेच म्हणाले. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत असे. नवी सून म्हणून आले त्या वर्षीच त्या डब्यांवर मी इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवून त्यांची जागा बदलली होती. पुढे कितीतरी दिवस अक्का एकेक डबा उघडून, वास घेऊन बघायच्या, हे मला डबे पुसताना आठवलं. त्या वेळीही त्या मला काही बोलल्या नव्हत्या.

शेवटी मी त्यांना म्हटलं की तंगीला खरं कळलं पाहिजे. तिने चार सोमवार माझ्यामुळे तसे काढले, आणि ती टीव्हीला दोष देत असेल. अक्का म्हणाल्या, “कशाला? झालं गेलं.” मी म्हटलं, नाही, मला सांगायचंय.

“तिला ऐकू येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “तिला काय सांगायचं तर लिवावं लागंल. कानडीत.”

“तुम्ही लिहून द्या. मी सही करते.”

“चूक तुझी,” त्या म्हणाल्या, “मी कशाला लिवू?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढं स्पष्ट कधी सुनावलं नव्हतं.

त्यामुळे सध्या रोज चहानंतर आम्ही जेवणाच्या टेबलावर बसतो. ॲपांची यादी असलेल्या त्या वहीचीच मागची पानं घेतली आहेत. अक्का एक अक्षर काढून देतात, मी त्याच्याखाली दहा वेळा गिरवते. माझी अक्षरं फुगतात, वळणं उलटी जातात. अक्षरांची टोकं कुठे सुरू होतात ते मला दिसत नाही आणि त्यांना ते सांगता येत नाही, त्या फक्त माझा हात धरून फिरवतात. किती अक्षरं आहेत असं मी पहिल्या दिवशी विचारलं. “सव्वीस न्हाईत,” अक्का म्हणाल्या, “लई हायत.”

चिठ्ठी छोटीच आहे. टीव्ही बिघडला नव्हता, मी तुमच्या अक्कांना न विचारता ते काढून टाकलं, आणि मग खोटं बोलले. पहिलं वाक्य कसंबसं झालं आहे. दुसऱ्यात ‘न विचारता’ हा शब्द मला चार दिवसांपासून जमत नाही. काल मी तो तसाच सोडून पुढे जाऊ लागले, तर अक्कांनी वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, पुन्हा लिही.